आमची वाटचाल : 'चालू कंडिशन'

जुन्या हाय-फायच्या, म्हणजे गाणी ऐकायच्या उंची अँप्लिफायर-टर्नटेबलांच्या धंद्यात सगळ्यात फसवे शब्द कोणते, तर 'चालू कंडिशन'. विकणाऱ्याच्या लेखी दिवा लागला की सेट चालू. सुरुवातीला आमच्याही लेखी तेवढंच होतं.

धंदा करायचा असं काही ठरवलं नव्हतं. मी आणि माझा मेहुणा पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी नाहीतर रविवारी चक्कर मारायचो. तिथे एकदा गंजक्या पकडी आणि नळाच्या तोट्यांच्या शेजारी, गोणपाटावर एक सान्सुईचा अँप्लिफायर पडलेला दिसला. विकणारा म्हणाला, "किलोवर देऊन टाकतो." वजन भरपूर होतं, तरी आम्ही घेतला. घरी आणून पुसला. व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की नुसती खरखर. ओळखीच्या रेडिओ मेकॅनिक काकांनी बटणाच्या आत कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन फवारे मारले आणि मला ते पन्नास वेळा मागेपुढे फिरवायला लावलं. खरखर गेली. महिन्याभरात सेट तिप्पट पैशांना गेला. पुसणं आणि फवारा मारणं म्हणजेच दुरुस्ती, हा आमचा समज त्या सेटने पक्का केला, आणि तो उतरवायला पुढे बरेच पैसे पडले.

मग काकांनाच भागीदार करून घेतलं. दोन खोल्या भाड्याने घेतल्या, मेहुण्याने नोकरी सोडली, मी अर्धी सोडली.

हा माल आपल्याकडे आला कसा, हे गिऱ्हाईक हमखास विचारतं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत परदेशी वस्तूंवर जबर जकात होती, त्यामुळे दुकानातून घेणारे थोडेच. बोटीवर नोकरी करणारे गोव्याचे तारवटी, आखातातून सुट्टीवर येणारे कोकणातले लोक, अमेरिकेहून परतलेले इंजिनिअर, यांच्या सामानातून सान्सुई, आकाई, पायोनिअर इथे उतरले. देशी बनावटीतही चांगली नावं होती. कोलकात्याची सोनोडाइन १९७० पासूनची. देशी सेट दिसायला साधे, पण दुरुस्तीला सोयीचे. त्यांतल्या बऱ्याच सेटमध्ये टू-एन-थ्री-झिरो-फाइव्ह-फाइव्ह हा ट्रान्झिस्टर, म्हणजे आवाजाला ताकद देणारा सुटा भाग, असतो आणि तो पुण्याच्या तपकीर गल्लीत आजही मिळतो. खास जपानच्या बाजारासाठी बनलेल्या सेटचं मात्र उलट. तो १०० व्होल्टवर चालतो, आणि त्याचा एफएम पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झचा. आपली स्टेशनं बहुतेक त्याच्या पुढे, म्हणजे ट्यूनर, त्यातला रेडिओचा भाग, नुसता शोभेचा. हे आधी सांगून टाकलेलं बरं.

आमची पहिली मोठी फजिती थोरेन्स टीडी १६० या टर्नटेबलने, म्हणजे रेकॉर्ड वाजवायच्या यंत्राने केली. अमेरिकेहून आलेला होता. ११० व्होल्टसाठी आम्ही ट्रान्सफॉर्मर लावून दिला आणि स्वतःवर खूश झालो. तपासताना नेमकी विलंबित ख्यालाची रेकॉर्ड लावली होती, तीही आम्ही कधी न ऐकलेल्या गायकाची. आवाज भारदस्त वाटला! टर्नटेबल घेतला एका निवृत्त पेटीवाल्या बुवांनी. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन : "अहो, ही रेकॉर्ड माझ्याकडे तीस वर्षं आहे. बाई काळी चारमध्ये गातात. तुमच्या मशीनवर त्या पांढरी चारमध्ये गायला लागल्यात."

गेलो. बुवांनी पेटी काढूनच ठेवली होती. त्यांनी सूर धरला आणि आमचं तोंड बंद झालं.

चूक अशी की व्होल्टेज बदललं तरी वीज तीच राहते. अमेरिकेत विजेची फ्रिक्वेन्सी ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. या टर्नटेबलची मोटर फ्रिक्वेन्सीच्या तालावर फिरते, म्हणून आपल्याकडे तिच्यावर थोडी मोठी पुली, म्हणजे पट्टा फिरवणारं चाक, लागते. ती न बदलल्यामुळे तबकडी मिनिटाला ३३⅓ ऐवजी जेमतेम पावणेअठ्ठावीस फेरे घेत होती. वीस मिनिटांची बाजू चोवीस मिनिटं वाजत होती आणि सूर तीन पट्ट्या खाली उतरला होता. पुली मागवून बसवेपर्यंत दीड महिना गेला. बुवांनी पैसे परत मागितले नाहीत, पण दर आठवड्याला फोन करून "बाई अजून खालीच आहेत" एवढं सांगायचे. टेक्निक्स एसएल-१२०० मध्ये ही भानगड नाही, त्याचा वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीवर ठरतच नाही. नवख्या माणसाला मी तोच सुचवतो, जरी त्याच्या किमती आता डोक्यावरून जायला लागल्यात.

दुसरी चूक महागात पडली. सत्तरच्या दशकातला एक अँप्लिफायर होता, स्पीकर वाचवणारा रिले नसलेला. त्याचे आउटपुट ट्रान्झिस्टर गेले होते. बाजारातल्या एका दुकानातून स्वस्तात नवे आणले, वर नंबर बरोब्बर छापलेला. सेट गिऱ्हाइकाच्या घरी तीन आठवडे वाजला आणि चौथ्या आठवड्यात ट्रान्झिस्टर शॉर्ट होऊन सगळा डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, थेट वूफरमध्ये, स्पीकरच्या मोठ्या भोंग्यात गेला. कॉइल जळल्याचा वास माणसाच्या दारापर्यंत येत होता. काकांनी त्या ट्रान्झिस्टरची धातूची टोपी करवतीने कापली. आत तांदळाच्या कणीएवढा सिलिकॉनचा तुकडा. अस्सल मालात तो कितीतरी मोठा असतो. स्पीकरची जोडी आम्ही भरून दिली. त्या वर्षीची दिवाळी यथातथाच झाली.

तेव्हापासून कुठलाही सेट पहिल्यांदा सिरीज बल्बवर लावतो, म्हणजे वीज आधी बल्बातून आणि मग सेटमध्ये. शंभर वॅटचा साधा पिवळा बल्ब. क्षणभर पेटून मंदावला तर ठीक, लखलखीत राहिला तर आत शॉर्ट. मग जुने कपॅसिटर बदलायचे, स्पीकरच्या टोकांवरचा डीसी पन्नास मिलिव्होल्टच्या आत आणायचा, आणि दोन दिवस सलग वाजवायचा. प्रत्येक सेटची वही असते. काय बदललं, काय तसंच ठेवलं, काय अजून खुपतंय, सगळं तिच्यात. वही सेटबरोबर जाते. मेहुण्याला ही वही अजिबात पसंत नाही, तो म्हणतो, आपण आपल्याच मालाची निंदा लिहून देतो.

विकण्यापेक्षा घेणं अवघड, हे कुणी सांगितलं नव्हतं. आमचा बहुतेक माल पुनर्विकासाला निघालेल्या इमारतींतून येतो. डोंबिवलीला एका आजींकडे मरांट्झ २२७० रिसीव्हर, म्हणजे रेडिओ आणि अँप्लिफायर एकत्र, होता, निळ्या उजेडाच्या डायलचा, १९७१ च्या सुमाराचा. आजी म्हणाल्या, "नातवाने नेटवर बघितलंय. दीड लाख." नेटवर दिसतो तो मागितलेला भाव, मिळालेला नव्हे, आणि तोही डॉलरमध्ये, दुरुस्त केलेल्या सेटचा. हे तोंडाने सांगून कुणाला पटत नाही. मी वर्तमानपत्र पसरलं आणि त्यांच्यासमोर झाकण उघडलं. फ्यूजच्या जागी तांब्याची तार. कोपऱ्यात पालीच्या अंड्यांची टरफलं. मोठ्या कपॅसिटरची डोकी फुगलेली. आजींनी चष्मा लावला, टॉर्च मागितला, वाकून सगळं पाहिलं आणि म्हणाल्या, "पण दिवा लागतो हो."

तेव्हा सौदा झाला नाही. चार महिन्यांनी घर रिकामं करायची वेळ आली तेव्हा त्यांनी बोलावलं, आमच्या भावावर दोन हजार वाढवून घेतले आणि यजमानांची स्पूलची, म्हणजे टेपच्या मोठ्या रिळांची, पेटी फुकट दिली. घरच्या रेडिओवरून उतरवलेल्या मैफिली. एकीत ऐन समेवर कुकरच्या तीन शिट्ट्या. त्या पेन ड्राइव्हवर घेऊन आजींना पोचवल्या. शिट्ट्या काढल्या नाहीत.

टाळेबंदीनंतर गिऱ्हाईक बदललं. २०२० मध्ये अमेरिकेत रेकॉर्डच्या विक्रीची उलाढाल सीडीच्या पुढे गेली, तशी ऐंशीच्या दशकानंतर पहिल्यांदाच. तिकडे भाव वाढले की इकडचे विकणारे लगेच तेच आकडे सांगतात. तरुण मुलं येतात, त्यांना सूटकेससारखा दिसणारा एचएमव्हीचा फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर हवा असतो. दिसतो छानच, पण नवी, महागडी रेकॉर्ड त्याच्या जड सुईखाली घालू नका, असं मी सांगतो, आणि मेहुणा माझ्याकडे रागाने बघतो.

काकांना आता बारीक सोल्डरिंग दिसत नाही. आयटीआय झालेली एक मुलगी त्यांच्या हाताखाली शिकतेय. कॅसेट डेकमधला डांबरासारखा वितळलेला बेल्ट ती माझ्यापेक्षा सफाईने काढते.

परवा सावंतवाडीला जायचंय, आकाईचा स्पूल रेकॉर्डर बघायला. मालक आजोबांना फोनवर विचारलं, "चालू आहे ना?"

"दिवो लागता," म्हणाले.

सिरीज बल्ब पिशवीत घातलाय.