मेल्याचं सोंग

दुपारी घर शांत झालं की टाकीतला लिव्हिंगस्टोनी मासा वाळूवर आडवा होतो. कल्ले जेमतेम हलतात. पांढुरक्या अंगावरचे काळपट तपकिरी डाग अशा वेळी कुजल्याच्या खुणा वाटतात, आणि घरी पाहुणा असेल तर "अहो, तुमचा मासा गेला" हे ठरलेलंच. मासा कुठेही गेलेला नसतो. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरात तो असाच पडून राहतो. मेलेलं टोचायला चिल्लीपिल्ली जमली की एका झटक्यात त्यातलं एक कमी होतं. माशांचे अभ्यासक केनेथ मॅके यांनी १९८१ साली हे रीतसर नोंदवलं. टाकीत तर पेलेट, म्हणजे तयार खाद्याच्या गोळ्या, वरून पडतात, फसायला कुणी येत नाही. तरी हा पडतो.

नाव आफ्रिका धुंडाळणाऱ्या डेव्हिड लिव्हिंगस्टनचं. मलावीला तेव्हा न्यासा म्हणत, आणि त्या सरोवरासाठी त्याने 'लेडी न्यासा' नावाची आगबोट बांधून घेतली होती. ती सरोवरापर्यंत पोचलीच नाही. १८६४ साली त्याने ती झांझिबारहून थेट मुंबईला हाकत आणली. पुढे ती इथेच निम्म्याहून कमी किमतीत विकली गेली, आणि आलेले पैसे ज्या बँकेत ठेवले ती बँकही बुडाली. मासा मात्र नाव टिकवून आहे.

या सरोवरातल्या शिकाऱ्यांची प्रत्येकाची लबाडी वेगळी. कॉम्प्रेसिसेप्स, म्हणजे दुकानातला 'आयबायटर', दोन पाटांत दाबून काढल्यासारखा चपटा. पाणगवताच्या पात्यांत डोकं खाली करून उभा राहतो. अरिस्टोक्रोमिस अंग कलतं करून एका डोळ्याने खालच्या खडकाकडे रोखून बघतो. लिनी खडकाच्या फटीवर तरंगत राहतो आणि लांब नाकाड खुपसून पिल्लं ओढून घेतो. एका टाकीत कोण कोण नांदेल हे ठरवताना लोक स्वभाव विचारतात. स्वभावाचं नंतर बघू. आधी तोंड बघावं आणि आकार बघावा.

तोंडाचा हिशोब सोपा आहे: आपल्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतचा मासा हे गिळायला बघतात. २५ सेंटिमीटरच्या व्हेनस्टसबरोबर, म्हणजे लिव्हिंगस्टोनीच्या भाऊबंदाबरोबर, आठ सेंटिमीटरचा पीकॉक हा लहान मासा ठेवला तर तो सोबती नव्हे, खुराक. सायनोडॉन्टिस हा मिशाळ मासा लहान असेल तर नकोच. शिंगाळ्यासारखे त्याचे काटे ताठ उभे राहतात, गिळणाऱ्याच्या घशात अडकतात आणि दोन्ही मासे जातात. घ्यायचाच तर चांगला वाढलेला घ्यावा.

आकाराचं जरा अवघड आहे, कारण दुकानात डोळा फसतो. सात सेंटिमीटरची पिल्लं एकमेकांपासून किती वेगळी दिसतात! व्हेनस्टसला जिराफाचे ठिपके, अरिस्टोक्रोमिसला खांद्यापासून शेपटीपर्यंत तिरका पट्टा, कॉम्प्रेसिसेप्स चंदेरी. माणूस चार रंगांचे चार मासे म्हणून घेऊन येतो. वर्ष-दीड वर्षात नर वयात येतात आणि सगळे निळे होतात. मग जो तो दुसऱ्याला आपलाच भाऊबंद समजून हाणतो. म्हणून पट्टे-ठिपके विसरावेत आणि अंगाची ठेवण बघावी: एक चपटा, एक जाड मानेचा, एक वाळूत तोंड खुपसणारा. फॉसोरोक्रोमिस त्या तिसऱ्या जागेला उत्तम. वयात आलेला नर गडद होतो आणि बाकीच्यांच्या निळाईपासून वेगळा पडतो. त्याला बारीक वाळू लागते, आणि तो भित्रा असतो; दाराचा आवाज झाला तरी वाळूत घुसतो.

व्हेनस्टस आणि लिव्हिंगस्टोनी यांतला एकच ठेवावा. दोघे निम्बोक्रोमिस या एकाच प्रजातीगटातले, माद्या ओळखू येत नाहीत आणि संकर होतो. तेच दुकानातल्या 'मिक्स आफ्रिकन' पिशवीचं, म्हणजे सरमिसळ पिल्लांचं. ती पिशवी म्हणजे मुळात भांडणच विकत घेणं. आमच्या मते फक्त नर ठेवावेत, एका जातीचा एक. मादी आली की टाकीचा अर्धा भाग एका नराचा होतो.

टाकी सहा बाय दोन बाय दोन फूट, म्हणजे ६८० लिटर. पाणी, काच, दगड धरून वजन ८०० किलोच्या वर जातं, तेव्हा जागा स्लॅबच्या मधोमध नको, तुळईजवळची भिंत बरी. यात मोठे नर सहा, फार तर सात. पहिलं वर्षभर टाकी रिकामी वाटते; वाटू द्यावी. चॅम्प्सोक्रोमिस यात नको. तो सुसाट पोहणारा, दचकला की काचेवर आपटतो, त्याला आठ फूट हवेत. टांगानिका सरोवरातला फ्रंटोसाही नको: दिसतो दांडगा, पण चालीने संथ, या धटिंगणांच्या घाईत उपाशी राहतो.

सगळे एकाच दिवशी, सात-आठ सेंटिमीटरचे सोडावेत. नंतर एखादा घालायचा झाला तर दगडांची मांडणी बदलावी आणि रात्रभर दिवा बंद ठेवावा, म्हणजे जुन्यांच्याही हद्दी पुसल्या जातात.

मुंबईचं धरणाचं पाणी यांना मऊ पडतं. दर १०० लिटरला चहाचा एक चमचा खायचा सोडा, आणि फिल्टरमध्ये प्रवाळाचा चुरा, पीएच ७.८ ते ८.४ राहिला की झालं. आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलताना नव्या पाण्यातही त्याच प्रमाणात सोडा घालावा. बोअरचं पाणी बहुधा आधीच जड असतं, ते तपासून मगच काय ते.

खायला शिकाऱ्यांचे पेलेट, मधूनमधून सोललेली कोळंबी, आठवड्यातून एक दिवस उपास. जिवंत गोल्डफिश घालून तमाशा बघणाऱ्यांना आवरायला हवं. त्यात थायमिनेज असतं, ते ब-१ जीवनसत्त्व नासवतं, आणि रोगराई येते ती वेगळीच. बकऱ्याचं काळीज, कोंबडीचे तुकडे, ही चरबीही यांना सोसत नाही. मासा खाणं तोंडात घेऊन थुंकायला लागला, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी झाली, की ब्लोट, म्हणजे पोटफुगीचा रोग, सुरू झाला. पोट फुगायची वाट बघितली तर उशीर झाला.

आणि बुटीकोफेरी. पश्चिम आफ्रिकेचा काळा-पांढरा पट्टेवाला, पाच सेंटिमीटरचा असताना इतका गोंडस की न घेणं कठीण. ३० सेंटिमीटरचा झाला की टाकीत एकटाच उरतो. दुकानदार परत घेत नाही. मग कुणीतरी रात्री बादली घेऊन तळ्यावर जातं. उजनीच्या जाळ्यात येते ती चिलापी हीसुद्धा आफ्रिकेची, आणि वरच्या सगळ्या माशांसारखी सिक्लिड कुळातलीच. तिची मोझांबिक जात १९५२ मध्ये भारतात आणली, तीही शौकासाठी नव्हे, खाण्यासाठी. आधी कुठले मासे मिळायचे आणि आता कुठले मिळत नाहीत, हे भीमेकाठच्या भोयांना विचारावं.