टॅलथ्लिन रेल्वे: हौशी माणसांनी पंचाहत्तर वर्षं चालवलेली गाडी

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर टाउइन नावाचं छोटं गाव आहे. तिथून डोंगरात नांट ग्वेर्नॉलपर्यंत जेमतेम बारा किलोमीटरची अरुंद रुळांची लाइन जाते, ती टॅलथ्लिन रेल्वे. स्वयंसेवकांनी वाचवून स्वतः चालवायला घेतलेली ही जगातली पहिली रेल्वे. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या किंवा तिकडे फिरायला जाणाऱ्या आपल्या लोकांनी लंडन आणि लेक डिस्ट्रिक्टमधून एक दिवस काढून इथे जावं, असं मला मनापासून वाटतं.

आम्ही बर्मिंगहॅमहून रेल्वेनेच गेलो. तीन तासांच्या आसपास लागतात. एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: मखंथ्लेथला ही गाडी तुटते. अर्धे डबे ॲबरिस्टविथला जातात, अर्धे टाउइनवरून पुथ्लेलीला. चढतानाच डब्यावरचा फलक बघा, नाहीतर सामान उचलून धावपळ होते. टाउइन स्टेशनवरून टॅलथ्लिनचं वॉर्फ स्टेशन पाच-सात मिनिटं चालत.

ही लाइन १८६५ साली ब्रिन एग्लुइसच्या खाणीतला पाटीचा दगड खाली आणायला घातली. वेल्सचा हा दगड छपरांवर कौलांसारखा बसवत. १८६६ मध्ये प्रवासी गाडीसाठी सरकारी तपासणी झाली, तेव्हा लक्षात आलं की पुलांखाली डब्याच्या दोन्ही बाजूंना पुरेशी जागाच सुटत नाही. मग पुलांखालचे रूळ एका बाजूला सरकवले आणि डब्यांची एका बाजूची दारं कायमची बंद केली. आजही सगळे प्लॅटफॉर्म एकाच बाजूला आहेत.

खाण १९४६ मध्ये बंद पडली. मालक सर हेन्री हेडन जोन्स यांनी पदरमोड करून गाडी चालू ठेवली, पण १९५० मध्ये तेही गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लेखक टॉम रोल्ट आणि त्यांच्या सोबत्यांनी बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात सभा घेऊन संस्था उभी केली. रूळ इतके झिजलेले आणि गवतात बुडालेले की गाडी जाते कशी याचंच नवल. चालण्याजोगं इंजिन एकच, १८६६ सालचं डोल्गोख. तरीही १४ मे १९५१ ला स्वयंसेवकांची पहिली गाडी सुटली. शेजारची कॉरिस रेल्वे बंद पडली होती आणि तिच्या रुळांचं माप हेच होतं, ६८६ मिलिमीटर. तिची दोन इंजिनं यांनी प्रत्येकी २५ पौंडांना विकत घेतली आणि दुरुस्त करून कामाला लावली. पुढे १९७६ मध्ये तोवरच्या शेवटच्या स्टेशनापासून, म्हणजे ॲबरगिनॉल्विनपासून, नांट ग्वेर्नॉलपर्यंत, जिथून पूर्वी फक्त दगडाच्या वाघिणी जायच्या, तिथेही प्रवासी गाडी नेली.

गाडी सुटायच्या बऱ्याच आधी वॉर्फवर पोचा, हा माझा सर्वांत महत्त्वाचा सल्ला. थंड बॉयलरला वाफ धरायला तीन-चार तास लागतात, म्हणजे इंजिनावरची माणसं पहाटेपासून कामाला लागलेली असतात. आम्ही पाहिलं तेव्हा विशीतली एक मुलगी तेलाच्या फडक्याने पितळी नळ्या पुसत होती. फायरमनचं शिक्षण घेत होती. विचारल्यावर तिने फावडं हातात घेऊन दाखवलं: कोळसा एकदम ढकलायचा नाही. थोडा थोडा, पण वरचेवर, आणि आगीत जिथे खड्डा दिसेल नेमका तिथे. चढ लागायच्या आधी वाफ तयार हवी. चढावर आल्यावर कोळसा घातला तर उशीर झालेला असतो. इंजिन पुसण्यापासून सुरुवात, मग फायरमन, मग ड्रायव्हर. मधे कित्येक वर्षं जातात. पगारी माणसं मोजकीच. तिकीट तपासणारे गार्ड निवृत्त गृहस्थ होते. हिवाळ्यात गाड्या जवळजवळ नसतात, तेव्हा हेच गृहस्थ रुळांखालचे स्लीपर बदलायला येतात.

जाताना डावीकडच्या खिडकीशी बसा, दरी त्या बाजूला आहे. डोल्गोख नावाचं मधलं स्टेशनही आहे; त्याच्या अलीकडे विटांचा उंच पूल लागतो, आणि स्टेशनात इंजिन पाणी पितं. आम्ही तिथे उतरून धबधब्यापर्यंत चालत गेलो आणि नंतरच्या गाडीने पुढे. तुम्हीही तसंच करा, फक्त तिकिटावर मधे उतरता येतं ना हे खिडकीवर विचारून घ्या. नांट ग्वेर्नॉलला मोटाररस्ता पोचतच नाही, नुसत्या पायवाटा. तिथे इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागतं, ते बघायला खाली उतराच. येताना ॲबरगिनॉल्विनला चहासाठी गाडी बराच वेळ थांबते. गाडीत शौचालय नाही, तेव्हा वॉर्फ आणि ॲबरगिनॉल्विन ही दोन ठिकाणं ध्यानात ठेवा. उघड्या डब्यात बसलात तर कोळशाचे कण डोळ्यांत जातात. मुलांना चष्मा घाला. पाऊस कधीही येतो.

माझं आजोळ मूर्तिजापूर. तिथली आमची शकुंतला रेल्वे खाणीच्या दगडासाठी नाही, कापसासाठी घातलेली, पण जन्मकथा तीच: माल न्यायला लाइन आली आणि मागाहून गावंच्या गावं तिच्यावर बसली. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. आज ती लाइन बंद आहे. टाउइनच्या शेडमध्ये उभं राहून मला राहून राहून वाटत होतं, की अचलपूर-मूर्तिजापूरकडेही अशी हौशी माणसं आहेत, रेल्वेतून निवृत्त झालेले फिटर आहेत. रुळांवर हात घालायची परवानगी आणि एक शेड त्यांना कुणी द्यायला हवी. २०२१ मध्ये युनेस्कोने वेल्सच्या पाटीच्या दगडाच्या प्रदेशाला जागतिक वारसा ठरवलं, त्यात ही रेल्वेही आली; पण त्याच्या सत्तर वर्षं आधी रुळांवरचं गवत काढायला माणसं उतरली होती.

खर्चाचं सांगायचं तर तिकीट स्वस्त नाही. बॉयलर दर दहा वर्षांनी उतरवून उघडावा लागतो, आणि वेल्समधली कोळशाची मोठी उघडी खाण २०२३ मध्ये बंद झाल्यापासून कोळसा लांबून येतो. त्यामुळे मी ते पैसे आनंदाने दिले. वॉर्फवरचं अरुंद लाइनींचं संग्रहालय मात्र घाईत उरकू नका, तासभर हाताशी ठेवा.

तिकडे राहणाऱ्यांना काम करायचं असेल तर आधी संस्थेचं सभासद व्हायचं. अनुभव लागत नाही, शिकवतात. इंजिनच हवं असं नाही. दुकान, उपाहारगृह, सिग्नल, झाडी छाटणं, सगळीकडे माणसं लागतात. गाड्यांचं वेळापत्रक रोज सारखं नसतं, म्हणून निघण्याआधी त्या दिवसाचं बघा. आणि परतीची मोठी गाडी साधारण दोन तासांनी एक असते, ती आधी ठरवा आणि मग टॅलथ्लिनचं तिकीट काढा.