लावायचं औषध

आजींच्या दंडावर तळहाताएवढा जांभळा डाग होता. ब्लड प्रेशर घेताना पट्टा आवळला, तेवढ्यानेच. सकाळी कवळी काढली तर तिला रक्त लागलेलं. रिपोर्ट आला: आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, ९.२. हृदयात धातूची मायट्रल झडप, त्यामुळे त्यांचा आकडा २.५ ते ३.५ मध्ये हवा. आणि तो वर्षानुवर्षं तिथेच होता.

मी रुग्णालयात फार्मासिस्ट. ‘नवीन काय सुरू झालंय ते शोध,’ म्हणून मला वॉर्डात बोलावलं. वॉरफरिनवरच्या, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या गोळीवरच्या, माणसाचा आयएनआर असा उसळला की मी आधी अँटिबायोटिक शोधते. मेट्रोनिडॅझोल, कोट्रायमॉक्साझोल हे नेहमीचे संशयित. इथे काहीच नाही. तीन गोळ्या, तिन्ही जुन्या. पाकिटातल्या गोळ्या मोजल्या, डबल डोसही झालेला नव्हता. कंप्युटरवर यादी टाकली, तोही गप्प.

“आजी, मधे दुसरं कुठलं औषध?”

“नाही गं. गोळ्या त्याच.”

तीनदा विचारलं, तीनदा हेच. शेवटी मी म्हटलं, कवळी टोचते का? मग कळलं, कवळीखाली पांढरे चट्टे आले होते, म्हणून दहा दिवस जेल चालू होतं. सूनबाईंनी पर्समधून ट्यूब काढली. मायकोनॅझोल, बुरशीवरचं औषध.

“ते लावायचं असतं,” आजी जरा रागावूनच म्हणाल्या. “औषध नाही ते.”

वॉरफरिनमध्ये आरशातल्या प्रतिबिंबांसारखे दोन रेणू असतात, एस आणि आर. कामाचा मोठा भार एसवर. त्याला यकृतातलं सीवायपी२सी९ हे एन्झाइम मोडतं आणि मायकोनॅझोल नेमकं त्यालाच अडवतं. तोंडातलं जेल थोडं थोडं गिळलं जातंच. मग कालच्या गोळीचा निचरा व्हायच्या आत आजची येऊन पडते, आणि डोस तोच असून रक्तातलं वॉरफरिन चढत जातं. कंप्युटरला दोष देत नाही; त्याला जेलबद्दल कुणी सांगितलंच नव्हतं. आम्हीही ‘गोळ्या कुठल्या घेता’ असंच विचारतो, ‘काय काय लावता’ असं नाही.

जेल बंद, वॉरफरिन थांबवलं. वॉरफरिनवर उतारा म्हणून व्हिटॅमिन के दिलं ते अगदी बेताने. झडप धातूची असताना ते सढळ हाताने दिलं तर झडपेवरच गुठळी व्हायची भीती. फ्लुकोनॅझोल सुचवलं गेलं होतं, मी नको म्हटलं, कारण तेही त्याच एन्झाइमच्या वाटेत उभं राहतं. बुरशीसाठी निस्टॅटिन दिलं, ते आतड्यातून जवळपास शोषलंच जात नाही. आकडा उतरल्यावर वॉरफरिन पुन्हा सुरू झालं.

पुढच्या तपासणीला आजी पिशवी घेऊनच आल्या आणि टेबलावर रिकामी केली. गोळ्या, डोळ्यांचे थेंब, निस्टॅटिनची बाटली, गुडघ्याचं मलम.

“हे पण लावायचंच,” मलम माझ्यापुढे सरकवत म्हणाल्या, “बघ बाई.”

ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचली. मिथिल सॅलिसिलेट, ॲस्पिरिनच्या नात्यातलं. म्हटलं, “आजी, हे दिवसातून किती वेळा चोळता?”