परसातला स्पॅरोहॉक: वसंत स्थलांतराच्या नोंदी, तिसरा आठवडा

तीन आठवड्यांत स्पॅरोहॉकच्या, म्हणजे छोटे पक्षी मारून खाणाऱ्या शिकारी पक्ष्याच्या, आठ भेटी झाल्या. पक्षी किती, हे मात्र आठांवरून ठरत नाही. पहिल्या तीन नोंदींत ‘स्पॅरोहॉक, सकाळी’ एवढंच आहे, म्हणून त्या बाद केल्या. उरलेल्या पाचांत निदान तीन पक्षी निघाले: एक प्रौढ नर, एक पहिल्या वर्षाचा आणि तीनदा आलेली एक मादी.

मादी ओळखू आली ती शेपटीवरून. डावीकडचं दुसरं पीस टोकाला तुटलंय. स्पॅरोहॉकची मोठी पिसं विणीच्या काळात, उन्हाळ्यात बदलतात, त्यामुळे वसंतातलं तुटकं पीस पूर्ण प्रवासभर तसंच राहतं. याहून भरवशाची खूण नाही! म्हणून बसलेल्या पक्ष्याचा पाठमोरा फोटो हवाच. त्याला शटर १/५०० पुरतं, उडत्याला १/२००० लागतं.

नराची पाठ निळसर राखाडी, छातीवर तांबूस आडव्या रेघा. मादी अंगाने बरीच मोठी, रेघा करड्या-तपकिरी. पहिल्या वर्षाच्या पक्ष्याच्या रेघा तुटक आणि पाठीच्या पिसांना तांबूस कडा. शिक्र्याशी गल्लत होत असेल तर गळा बघा: शिक्र्याच्या गळ्यावर मधोमध उभी रेघ असते, स्पॅरोहॉकला नसते. स्पॅरोहॉकचे पाय काडीसारखे बारीक आणि मधलं बोट खूप लांब.

स्पॅरोहॉकची चाहूल छोटे पक्षी देतात. बारीक, उंच ‘सीऽऽ’ आला आणि सगळे जागच्या जागी थिजले, तर तो हवेत आहे. कर्कश कलकलाट चालू असेल तर तो बसलाय. दुर्बीण दाट फांद्यांच्या आत, खोडाजवळ फिरवा.

क्रॉप, म्हणजे गळ्याखालची अन्न साठवायची पिशवी, फुगलाय का, हेही लिहायचं. भरल्या क्रॉपने तो बराच वेळ हलत नाही. मादी तिसऱ्या भेटीत तशीच बसली आणि ऊन तापून थर्मल, म्हणजे वर चढणारे गरम हवेचे झोत, सुरू झाल्यावर घिरट्या घेत चढून उत्तरेला सरकली. नंतर दिसलेली नाही.

भक्ष्याची पिसं जमिनीवर सापडली तर देठ तपासा. स्पॅरोहॉक पीस मुळापासून उपटतो, मांजर चावून तोडतं. एका ढिगातले देठ चावलेले होते, तो ढीग नोंदीतून वगळला.

एक धोका उरलाय: झडप पडली की घाबरलेले पक्षी काचेवर आदळतात. दाण्याचं भांडं खिडकीपासून ४ मीटरवर आहे आणि तेवढ्या अंतरात त्यांना पुरेसा वेग येतो. ते १ मीटरच्या आत आणायचंय आणि काचेवर बाहेरून दर ५ सेंटिमीटरला ठिपके लावायचेत.