लाईट हाये, लाईन नाही

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याजवळच्या गावात मावशीकडे गेलो होतो. दिवेलागणीची वेळ, घरात मिट्ट काळोख, चुलीपुढे मावशी जवस भाजत बसलेली. पुण्याहून सुनेचा फोन आला, "आई, लाईट आहे का तिकडे?"

"लाईट हाये वं, लाईन नाही."

पलीकडे सून गप्प. पण मावशीचं काय चुकलं? आमच्याकडे लाईट म्हणजे वाश्याला टांगलेला बल्ब. तो जात नाही, फार तर उडतो. येते-जाते ती लाईन. हरभऱ्याला ओलित करायचं तर दिवसाची लाईन की रात्रीची, हे आधी विचारायचं. रात्रीची असली की बॅटरी, काठी घेऊन मोटरीवर. तिथं पोचावं तर डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, फ्यूज गेलेला, आणि लाईनमनला फोन करावा तर तीही लाईन लागत नाही! राशनच्या दुकानात पुन्हा लाईन. बसस्टँडवर पोरं मारतात ती वेगळीच.

या एवढ्या लाईनी निघाल्या मात्र एकाच धाग्यातून. लॅटिनमध्ये 'लिनेआ' म्हणजे धागा, दोरा. तो 'लिनम'पासून केलेला, आणि लिनम म्हणजे जवस. जवसाच्या झाडाच्या सालीचा धागा काढतात, त्याचं कापड ते लिनन. दोरा ताणला की रेघ झाली, रेघेत माणसं उभी राहिली की रांग झाली, आणि दोऱ्याच्या जागी तार आली तशी वीजही त्याच नावाने वाहू लागली. आपलं सूतही तसंच की. सुतार सुतात रंधा मारतो आणि पोरापोरींचं सूत जुळतं.

लाईटचं तसं नाही. उजेडाचा लाईट आणि वजनाला हलका तो लाईट, यांचं रक्ताचं नातं नाही. एकाच नावाची दोन माणसं एका गावात असावीत, आणि पोस्टमनने एकाचं पत्र दुसऱ्याला द्यावं, तसा प्रकार. उजेडवाल्याची भाऊबंदकी संस्कृतातल्या 'रोचते'शी, म्हणजे चमकणं. हलकावाला आपल्या 'लघु'चा चुलतभाऊ. हजारो वर्षांत उच्चार झिजत झिजत इंग्रजीत दोघं एकाच उंबरठ्यावर आले. सोयाबीनचं पोतं उचलताना आमचा बापू "लाईट हाये" म्हणतो तेव्हा तो बल्बाबद्दल बोलत नसतो, हे निदान पोत्याकडे पाहून तरी कळतं.

तव्यावर जवस तडतडायला लागलं. खमंग वास सुटला. मला राहवेना, म्हटलं, "मावशी, ही लाईन आहे ना, तिचं नाव या तुझ्या जवसातून निघालं."

तिने उलथणं थांबवलं, तव्याकडे पाहिलं, मग वरच्या बल्बाकडे.

"जवस तं घरात पायलीभर हाये," ती म्हणाली, "मंग येत काहून नाही?"