भुऱ्या आणि आमच्या कोंबड्या

आमचा कुत्रा भुऱ्या घरी आला तेव्हा जेमतेम 3 महिन्यांचा होता. पहिल्याच सकाळी तो खुराड्याच्या जाळीसमोर जाऊन थिजला. कान टवकारलेले, तोंड मिटलेलं, पुढचा एक पाय अधांतरी. मला त्या उभं राहण्याचं कौतुक वाटलं. खरं तर ती शिकारीची सुरुवात होती. टक लावणं, दबा धरणं, पाठलाग, मग झडप, हा क्रम कुत्र्याच्या रक्तातच असतो आणि कोंबडीची फडफड त्याला आणखी चेतवते. एकदा धाव सुटली की हाक कानात शिरत नाही. त्यामुळे जे करायचं ते तो टक लावतो तेव्हाच.

छातीपट्टा, 5 मीटरची दोरी आणि खिशात खाऊचे बारीक तुकडे घेऊन सुरुवात केली. कोंबड्या दिसतील, पण त्याचं अंग सैल राहील, असं अंतर शोधलं. ते 15 पावलं निघालं. तो कोंबड्यांकडे बघायचा तोवर मी गप्प. मान वळवून माझ्याकडे पाहिलं, की त्याच क्षणी 'शाब्बास' आणि खाऊ. रोज दोनदा, पाच-सात मिनिटं, तीही तो फिरून दमून आल्यावर. एरवी खाऊवर तुटून पडणारा भुऱ्या खाऊकडे ढुंकून पाहत नसेल तर आपण फार जवळ आलोय, हे मी त्याच्याकडूनच शिकलो.

"दोन रट्टे द्या, सुधारेल," असं पुष्कळांनी सांगितलं. एकाने तर मेलेली कोंबडी गळ्यात बांधायला सांगितलं. मी दोन्ही केलं नाही. कोंबडी दिसली की मार बसतो एवढंच त्याच्या डोक्यात बसलं असतं, आणि मी नसताना तो राग तिच्यावरच निघाला असता.

त्याच्या वयाच्या 8व्या महिन्यात मात्र मी चुकलो. 3 आठवडे सगळं सुरळीत चाललं म्हणून दोरी सोडली. एक तलंग, म्हणजे कोवळी कोंबडी, जाळीवरून उडून बाहेर आली आणि मी हाक मारेपर्यंत तिच्या शेपटीची पिसं त्याच्या तोंडात होती. जीव वाचला. पण डालग्याखाली अंधारात ठेवली तरी ती चोच उघडी टाकून धापा टाकत होती. संध्याकाळपर्यंत पाण्याला शिवली नाही. पाठलागाची मजा कुठल्याही खाऊपेक्षा मोठी असते, आणि ती मीच त्याला चाखू दिली होती. शिवाय वयात येणाऱ्या कुत्र्याचं शिकलेलंही काही काळ ढिलं पडतं. पुन्हा दोरी, पुन्हा 15 पावलं. आणखी 2 महिने.

मग एका दुपारी एक कोंबडी धुळीत लोळून उठली आणि त्याच्यापासून दोन हातांवर पंख झाडू लागली. भुऱ्या ताठ झाला. दोरी माझ्या हातात सैलच होती. त्याने नाकाने एक लांब श्वास सोडला, मान फिरवली आणि माझ्याकडे पाहिलं. माझा हात खिशाकडे जायलाही क्षणभर उशीर झाला, इतका आनंद झाला होता.

आता तो अंगणात त्यांच्यातच पहुडतो. तरी मी घरात जाताना खुराड्याची कडी लावतो. एकट्याला त्यांच्यात अजून सोडलेलं नाही. सध्या एक खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली आहे. 21 दिवसांनी पिल्लं निघतील. इतकी चिमुकली, चिवचिवत पळणारी गोष्ट त्याने कधी पाहिलेली नाही, म्हणून दोरी पुन्हा खुंटीवर आणून ठेवली आहे.