मेम्फिसमधली डस्टी

गोऱ्या गायकांनी सोल, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे चर्चगायनातून आलेले संगीत, गावे का, हा वाद निघाला की मला डस्टी स्प्रिंगफील्ड आठवते. लंडनमध्ये आयरिश कुटुंबात १९३९ साली जन्मलेली ही गायिका सप्टेंबर १९६८ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातल्या अमेरिकन साउंड स्टुडिओत पोहोचली, तेव्हा कृष्णवर्णीय सोल गायिका अरिथा फ्रँकलिनचे निर्माते जेरी वेक्सलर यांच्यासमोर गाण्याचे तिला इतके दडपण आले की अखेरचे गायन न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित करावे लागले. गंमत अशी, की त्या मेम्फिसच्या स्टुडिओतले नेहमीचे वादकही गोरेच होते. पार्श्वस्वर मात्र ‘स्वीट इन्स्पिरेशन्स’ या कृष्णवर्णीय गायिकांचे.

तिथल्याच ‘सन ऑफ अ प्रीचर मॅन’ या गाण्यात ती कुठेही आवाज फोडत नाही. चर्चमधल्या गायनाची धग उसनी आणण्याऐवजी ती श्वासाच्या काठावर, किंचित घोगऱ्या स्वरात शब्द सोडते आणि ताल तिच्या पुढे जाऊ देते; माझ्या मते तिचा खरेपणा या संयमातच आहे, कारण नक्कल करणारा गायक नेहमी जास्त जोर लावतो. हेच गाणे पुढे अरिथानेही गायले. ते अर्थातच निराळे, अधिक मोकळे आहे.

डस्टीने कृष्णवर्णीय संगीताचे हे ऋण लपवले नाही. १९६५ मध्ये ब्रिटिश दूरचित्रवाणीवर मोटाउन या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय संगीताच्या ध्वनिमुद्रण कंपनीच्या कलाकारांचा खास कार्यक्रम तिनेच सादर केला. त्याआधी, डिसेंबर १९६४ मध्ये, वर्णभेद न पाळणाऱ्या श्रोतृवर्गासमोर गायल्याबद्दल दक्षिण आफ्रिकेने तिला देशाबाहेर काढले होते.